बर्फातल्या माणसांना तंजावूरची मदत

चांगलं काम करायला दहा माणसं एकत्र आली की काम होवो न होवो, किस्से मात्र हमखास होतात! आमच्या तंजावूरच्या मराठी मंडळात ते इतके साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागून आणखी चार बाहेर येतात. मुलगी पुण्याला दिली. तिच्याकडे आलो की व्याही हमखास म्हणतात, "राव, तुमचे ते मदतीचे किस्से सांगा की!" मी सांगतो. सगळे हसतात. मीही हसतो, आणि मग कप विसळायला म्हणून उठून आत जातो.

यांतला शेवटचा मात्र मी पुण्यात अजून कोणाला सांगितलेला नाही. देवनागरी लिहायला मी पन्नाशीनंतर शिकलो, तेव्हा आता लिहूनच टाकतो.

हे सगळे एकाच वर्षाचे. कारगिलच्या लढाईचं वर्ष. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि मंडळाचा सेक्रेटरी. आमची माणसं मराठी राजवटीत तंजावूरला आली ती तिथलीच झाली. घरात मराठी, दारात तमिळ, कचेरीत इंग्रजी. मंडळाचे अध्यक्ष सेतुमाधवराव, ओरत्तनाडूकडे त्यांची भातशेती, बोलणं जमीनदाराचं. आणि एक कावेरीबाई, कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. त्यांचा भाचा वासू लष्करात डॉक्टर. सगळं त्याच्या पत्रानं सुरू झालं.

लढाई संपल्याचं आम्ही टीव्हीवर पाहून, पेढे वाटून मोकळे झालो होतो. वासूनं लिहिलं होतं, "मावशी, लढाई संपली, पण तोफगोळ्यांनी घरं पडली त्यांचं काय? इथे माझ्या दवाखान्यापाशी कितीतरी कुटुंबं तंबूत राहताहेत. लोकरीचं काहीही पाठवा. जुनं, फाटकं, काहीही. पण दिवाळीच्या आत पाठवा. पुढे बर्फ पडलं की वरचा रस्ता बंद होतो."

मीटिंगमध्ये पत्र वाचलं. बायकांनी डोळे पुसले. ठराव एकमतानं पास! वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आणल्या, आणि दुसऱ्याच दिवशी पहिली देणगी आली.

टेबल फॅन!

आणणारे एक रिटायर्ड हेडमास्तर. म्हणाले, "नवा आहे. तीन स्पीड."

मी म्हटलं, "सर, तिकडे बर्फ आहे."

"उन्हाळ्यात लागेल की!"

तंबूत प्लग कुठला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी मला चौथीत शिकवलं होतं. मी उभा राहून पावती लिहून दिली.

* * *

मग आलं नवरात्र. आमच्याकडे नवरात्रात घरोघर बाहुल्यांचा कोलू मांडतात, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विडा, नारळ आणि एक ब्लाउज पीस देतात. हे ब्लाउज पीस कोणी शिवत नाही. ते पुढच्या बाईला देतात. ती तिच्या पुढचीला. गावात वर्षानुवर्षं तेच फिरत असतात.

त्या वर्षी बायकांना सुचलं, तेवढेच देऊन टाकू! आठ दिवसांत दोन गोण्या भरल्या. आंबा रंगाचे, मोरपंखी, जरीकाठाचे. गोण्या नीट लावताना कावेरीबाई एकदम किंचाळल्या. हातात एक जांभळा तुकडा. त्याच्या कोपऱ्याला त्यांनी चार वर्षांपूर्वी पांढऱ्या दोऱ्याची बारीक गाठ मारून ठेवली होती, फिरून कधी परत येतो ते बघायला. प्रोफेसर बाई ना!

"आलं गं माहेरी माझं लेकरू!" म्हणाल्या. सगळा हॉल हसला.

हसू ओसरल्यावर त्यांनीच विचारलं, "पण अध्यक्ष, तंबूतल्या बाईनं या पाऊण मीटरचं करायचं काय?"

सेतुमाधवराव म्हणाले, "शिवेल की. तिला वेळच वेळ आहे."

यावरही आम्ही हसलो. मीसुद्धा. ते हसणं आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

* * *

तुम्ही म्हणाल, अहो पण लोकरीचं काय? तंजावूरला लोकर येणार कुठून! आमच्याकडे थंडी म्हणजे मार्गळी महिन्यात, डिसेंबर-जानेवारीत, म्हातारी माणसं सकाळी कानाला मफलर गुंडाळतात, तेवढीच.

पण लोकर होती. आमच्याच घरांत होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. सोवळ्याची धाबळी! देवाचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात करायचा. म्हणजे एक तर धुऊन, कोणाचा हात न लागू देता वाळवलेलं नेसा, नाहीतर ओलेत्यानं उभे राहा. लोकरीला मात्र विटाळ नाही, म्हणून प्रत्येक घरात देवघराजवळ उंच दांडीवर एक धाबळी असतेच. जाडजूड, कांबळ्यासारखी. एक पोर सहज गुंडाळून निजवता येईल एवढी.

कावेरीबाईंनी मीटिंगमध्ये सरळ विषय काढला, "घरोघरच्या धाबळ्या द्या. माझी मी आणलीय."

सगळे वर पंख्यांकडे बघायला लागले.

मग एकेकाची सुरुवात झाली. एकाची कसर लागून गेली होती. एकाची भावाकडे होती. एकाच्या बायकोचं नवस-व्रत चालू होतं. सेतुमाधवराव म्हणाले, "आमची आईच्या वेळची आहे. तिला घरातलीसुद्धा सगळी शिवत नाहीत. आणि तिकडे ती पांघरणार कोण? आपल्यापैकी आहेत का ती माणसं?"

कावेरीबाई म्हणाल्या, "थंडी वाजणाऱ्यांपैकी आहेत."

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. मिनिट्समध्ये मी लिहिलं, 'विषयावर सविस्तर चर्चा झाली.'

आणि माझी? माझ्याही घरी एक होती हो! चांगली, करड्या रंगाची, कुठे भोक नाही. मी मीटिंगहून घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "ती दांडीवरची काढ. कोणी आलं तर दिसते." तिनं ती पेटीत तळाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी मी यादीत स्वतःच्या नावापुढे लिहिलं, 'मफलर, एक.'

* * *

मीटिंगमध्ये रंगूअक्का नव्हती. ती कुठल्याच मीटिंगमध्ये नसायची, मागे स्वयंपाकघरात असायची. साठी ओलांडलेली, विधवा, आमच्यातलीच. श्राद्धपक्षाचा स्वयंपाक करून पोट भरायची. आज तंजावूर, उद्या पापनाशम, बसनं जायची, बसनं यायची. तिच्या हातचं जेवल्याशिवाय आमच्याकडचे पितर तृप्त होत नसत म्हणा ना.

चार दिवसांनी ती कचेरीत माझ्या टेबलापाशी आली. पेपरात गुंडाळलेला गठ्ठा समोर ठेवला. आत तिची धाबळी. धुऊन, वाळवून, घडी घालून.

मी म्हटलं, "अक्का, अगं ही तुझी कामाची! ही दिलीस तर तू स्वयंपाक कशी करणार?"

"ओलें नेसून करीन रे. आई माझी जन्मभर तशीच करायची."

"पण पाऊस तोंडावर आलाय." आमच्याकडे खरा पाऊस दिवाळीच्या आगेमागेच.

"येथला पाऊस तो काय! तेथे बर्फ पडते म्हणतात. वासू कधी धाडा म्हणतो?"

"दिवाळीच्या आत."

"मग झालें तर. लवकर धाड," म्हणाली आणि तिची बस होती म्हणून निघून गेली. पावतीसुद्धा घेतली नाही.

त्याच महिन्यात माझ्या वडिलांचं श्राद्ध आलं. स्वयंपाकाला अक्काच. बाहेर धो धो पाऊस, आत ती अंगाला चिकटलेल्या ओल्या लुगड्यात, चुलीपुढे. वड्यांचं पीठ कढईत सोडण्याआधी ती दर वेळी हात जाळावर शेकून घ्यायची. भटजी आत डोकावून म्हणाले, "वा! आजकाल असं कडक सोवळं कुठे बघायला मिळतं!"

मी काय केलं असेल? मी विचारलं, "अक्का, पंखा बंद करू का?"

माझी धाबळी पलीकडच्या खोलीत, पेटीत. चार पावलांवर. काढून दिली असती तर ती माझ्याकडे होती, हे अक्काला कळलं असतं. म्हणून नाही दिली. दुसरं कारण नाही. तिला नंतर आठवडाभर ताप होता आणि पापनाशमची दोन कामं गेली, हेही मला माहीत होतं.

* * *

दिवाळीच्या आधी गोण्या तयार झाल्या. कावेरीबाईंनी गावभर फिरून कुठून कुठून स्वेटर काढले होते, उटीला हनिमूनला जाऊन आलेल्या जोडप्यांची त्यांनी यादीच केली होती! शिवून, पत्ता लिहून सगळं रेडी. रेल्वे पार्सलनं टाकायचं की झालं.

पण सेतुमाधवराव म्हणाले, "असं गुपचूप? चोरीचा माल आहे का? फंक्शन करू, मोठ्या माणसाला बोलावू, फोटो छापून येईल. फोटोशिवाय पाठवलं तर पाठवलं म्हणेल कोण?"

एक बडे अधिकारी ठरले. पहिल्यांदा ठरवलेल्या तारखेला त्यांना मद्रासला बोलावणं आलं. दुसऱ्या तारखेला त्यांना फक्त साडेदहा ते बाराचा वेळ होता, आणि तो शुक्रवार. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ! राहुकाळात आम्ही बसचं तिकीटसुद्धा काढत नाही. तिसऱ्या तारखेला पावसानं हॉलमध्ये घोटाभर पाणी. दिवाळी गेली. गोण्या भिजतील म्हणून त्या माझ्या कचेरीत आणून टेबलाखाली ठेवल्या.

तिथेच वासूचा फोन आला. लाइन खरखरत होती.

"राव, पाठवलंत का?"

"ऑन द वे आहे!" मी म्हटलं.

"बरं झालं. महिनाअखेरीला वर जाणारी शेवटची गाडी आहे. इथे एक बाई आहे, झैनब. तिची मुलगी तीन महिन्यांची. रोज सकाळी तंबूच्या दारात येऊन विचारते. मी सांगतो, 'मद्रासकडून येतंय.' मद्रास किती लांब आहे, म्हणते."

मी म्हटलं, "येईल, येईल. सांगा तिला."

हे बोलताना माझे दोन्ही पाय गोणीवर होते. उंची अगदी सोयीची होती हो!

* * *

कावेरीबाईंना सुगावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ऑटो घेऊन कचेरीच्या दारात हजर.

"राव, गोण्या द्या. मी स्टेशनवर टाकून येते."

मी म्हटलं, "बाई, असं कसं? फंक्शन करून पाठवायचं असा कमिटीचा ठराव आहे. बदलायचा तर नवा ठराव हवा. अध्यक्षांची सही हवी."

"अध्यक्ष कुठे आहेत?"

"कापणीला. ओरत्तनाडूला."

"म्हणजे तिकडे बर्फ पडायला लागलं, की त्याला ठराव दाखवायचा?"

मी म्हटलं, "नियम आहे." माझ्या तोंडून हा शब्द इतका सवयीनं येतो, की तोंडाला विचार करावा लागत नाही. त्यांनी ऑटोवाल्याला थांबायला सांगितलं. मग स्वतःच एक गोणी ओढायला लागल्या. मी शिपायाला हाक मारली. पन्नाशीच्या बाईच्या हातातून शिपायाकरवी स्वेटरची गोणी ओढून घेणारा सेक्रेटरी तुम्ही पाहिलाय का? नसेल तर आता बघून घ्या!

ऑटो रिकामी परत गेली. त्या दिवसापासून बाई माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायला लागल्या.

महिनाअखेर आली आणि गेली. वासूचा आणखी एक फोन आला. "रस्ता बंद झाला," एवढंच म्हणाला. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ती बाई? झैनब?"

"ती आता विचारत नाही."

"का?"

लाइन तुटली. नंबर माझ्या डायरीत होता. परत फोन मी लावला नाही.

* * *

आता थोडं हसून घ्या. फंक्शनच्या दिवशी स्टेजवर बॅनर. तमिळ, इंग्रजी आणि मान म्हणून खाली मराठी. तमिळ पेंटरनं मराठी ओळ वेगळ्या कापडावर रंगवून आणली, आणि टांगली ती उलटी! अक्षरांचे पाय वर, डोकी खाली. अख्खं मराठी मंडळ हळूहळू येऊन त्याच्या खाली बसलं. भाषणं झाली. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण देवनागरी वाचता कोणाला येत होतं! मलाही तेव्हा येत नव्हतं. मला फोटो बघून पुण्यात व्याह्यांनी सांगितलं, दोन वर्षांनी.

उलट एका म्हाताऱ्यानं फंक्शननंतर डोळे पुसत माझा हात धरला. "राव, आपली अक्षरं बघून भरून आलं हो!"

* * *

आता तो शेवटचा. त्याच फंक्शनचा.

डिसेंबर लागला होता. रस्ता बंद झाल्याचं फक्त कावेरीबाईंना आणि मला ठाऊक होतं. कावेरीबाई फंक्शनला आल्या नाहीत. मी आलो. नवा शर्ट घालून.

बडे अधिकारी आले, हार झाले, गोण्या ओळीनं मांडल्या होत्या. फोटोत छान दिसावी म्हणून अध्यक्षांनी एक लाल रग नवी कोरी आणवली होती. अधिकाऱ्यांनी ती हातात घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाला द्यायची?"

सेतुमाधवरावांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच की! देणारा होता, घेणारा कुठे होता? फोटोग्राफर म्हणाला, "सर, कोणीतरी एक निर्वासित हवा ना फ्रेममध्ये."

सेतुमाधवराव मला म्हणाले, "मागे अक्का आहे ना?"

रंगूअक्का मागे केसरी, म्हणजे आपला शिरा, करत होती. विरलेलं लुगडं, ताप येऊन गेलेला, गाल बसलेले. मी गेलो. म्हटलं, "अक्का, दोन मिनिटं स्टेजवर ये. फोटोपुरतं." तिला वाटलं, धाबळी दिली म्हणून बोलावताहेत. तिनं हात धुतले, पदर सारखा केला, आणि लाजत लाजत आली.

अधिकाऱ्यांनी लाल रग तिच्या खांद्यावर घातली. फ्लॅश उडाला. माइकवरून सेतुमाधवराव तमिळमध्ये म्हणाले, "सरहद्दीवर घरदार गमावलेली ही माता!" आणि खाली वाकून तिच्या कानाशी, आमच्या भाषेत, "अक्का, तमिळ बोलू नकोस हां."

पेपरवाला वही घेऊन पुढे आला. तमिळमध्ये विचारलं, "कुठलं गाव, अम्मा?"

आपण कोण म्हणून इथे उभ्या आहोत, हे तिला कळायला तेवढाच वेळ लागला. तिनं गोण्यांकडे पाहिलं. मोजल्यासारखं एकेकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली आणि आमच्या मराठीत बोलली. आवाज मोठा नव्हता, पण माइक चालू होता.

"रघू, हें सगळें येथेच आहे? अरे, दिवाळीच्या आत धाडतो म्हणालास ना? तेथे लेकरें गारठून मरत असतील आणि तुम्ही मला कसली रग घालता? मला नको रे. लाज वाटूं दे. त्यांना धाडा. आज धाडा."

सेतुमाधवराव माइकचं बटण शोधायला लागले.

पेपरवाला बिचारा बाहेरगावचा. त्याला वाटलं, ही तिकडची भाषा. मला म्हणाला, "सार, काय म्हणतात त्या?"

अक्काला तमिळ माझ्याइतकंच येत होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, "तंजावूरच्या लोकांचे उपकार जन्मभर विसरणार नाही, म्हणतात."

त्यानं ते लिहून घेतलं. हॉलमध्ये सगळी आमचीच माणसं होती, दोन्ही भाषा जाणणारी. पहिली टाळी कोणी वाजवली मला दिसलं नाही. पण मग सगळ्यांनीच वाजवल्या.